वाचकांचे प्रश्न : जुन्या हॅम सेटचं सर्किट आणि अलाइनमेंट

कोल्हापूर आणि आसपासच्या वाचकांनी जुन्या हौशी (हॅम) रेडिओ संचांच्या सर्किटांबद्दल आणि अलाइनमेंटबद्दल (आतली ट्यूनिंगची सर्किटं ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर लावणं) विचारलेल्या प्रश्नांना या वेळी एकत्र उत्तरं देत आहोत.

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर) : काकांच्या पश्चात त्यांचा याएसू कंपनीचा एफटी-१०१ सेट (रिसीव्हर आणि ट्रान्समीटर एकत्र) आमच्याकडे आला. सोबत पुस्तक नाही. नेटवर चार-पाच सर्किटं सापडली, पण एकही सेटशी पूर्ण जुळत नाही. कुठलं बरोबर धरायचं?

उत्तर : ती सगळीच बरोबर असतील, फक्त वेगवेगळ्या सेटांची. एफटी-१०१ या एका नावाखाली १९७० च्या दशकात बरीच मॉडेलं निघाली : मूळ १०१, मग बी, ई, ईई, ईएक्स, एफ. ‘ई’मध्ये स्पीच प्रोसेसर आहे, ‘ईई’मध्ये नाही. आणि एफटी-१०१झेडडी हा तर नावापुरताच भाऊबंद, आतून संपूर्ण निराळा सेट. तेव्हा सर्किट शोधण्याआधी आपल्याकडे नेमकं काय आहे ते ठरवा.

वरचं झाकण काढा (प्लग भिंतीतून काढून, बंद करून अर्धा तास झाल्यावर) आणि पीएच्या (ट्रान्समीटरच्या शेवटच्या पॉवर अ‍ॅम्प्लिफायरच्या) जाळीतल्या दोन ट्यूब पाहा. बारा पिनांच्या, जाड ६जेएस६ असतील तर सेट मूळ १०१ ते एफ या घराण्यातला. ६१४६बी असतील तर बहुधा झेडडी. ‘बहुधा’ म्हणायचं कारण असं की ६जेएस६सी मिळेनाशा झाल्यावर अनेकांनी जुन्या सेटांत सॉकेट बदलून ६१४६बी बसवल्या. सॉकेटभोवती नंतरचं सोल्डर, पट्टी कापल्याच्या खुणा दिसल्या तर असा बदल झालाय समजा. तसं असेल तर त्या भागाला कंपनीचं सर्किट लागू होणार नाही, बाकीच्या सेटला होईल.

मग प्रत्येक बोर्डावर छापलेला, ‘पीबी’ने सुरू होणारा क्रमांक त्याच्या शेवटच्या अक्षरासकट वहीत उतरवा. पुस्तकातल्या बोर्डांच्या क्रमांकांशी तो ताडून पाहिला की पाच मिनिटांत निकाल लागतो. मागच्या मालकाने दुसऱ्या सेटचा बोर्ड बसवलेला असू शकतो, म्हणून एकच बोर्ड पाहून थांबू नका.

पुस्तकासाठी पहिली जागा म्हणजे बोट अँकर मॅन्युअल आर्काइव्ह. हॅम मंडळी तिला ‘बामा’ म्हणतात. कंपनीवार कप्पे आहेत आणि सगळं फुकट. पुष्कळ फाइली डीजेव्हीयू प्रकारातल्या आहेत, त्यांना वेगळा वाचक-प्रोग्राम लागतो. फाइल उघडली नाही म्हणून ती खराब आहे असं समजू नका. दुसरी जागा इंटरनेट आर्काइव्ह, तिसरी मॉड्स डॉट डीके. या शेवटच्या ठिकाणी कंपनीने सांगितलेले आणि लोकांनी केलेले बदल नोंदलेले असतात. त्या काळच्या याएसूच्या वापर-पुस्तिकेतच अलाइनमेंटचा भाग असायचा, तेव्हा ‘सर्व्हिस मॅन्युअल’ हा शब्दच धरून शोधू नका. याएसूप्रेमींच्या फॉक्स टँगो क्लबची जुनी वार्तापत्रंही शोधा. या सेटांच्या नेहमीच्या दुखण्यांवर इतकं नेमकं लिखाण दुसरीकडे क्वचित सापडतं.

सर्किट बरोबर मिळालं का, हे सेट न उघडताही तपासता येतं. या घराण्यात दुसरा आयएफ (सिग्नल आत बदलून घेतात ती मधली फ्रिक्वेन्सी) ३१८० किलोहर्ट्झ आणि व्हीएफओ (डायलने फिरणारा ऑसिलेटर) ८७०० ते ९२०० किलोहर्ट्झ. ४० मीटरला १३.०२० मेगाहर्ट्झचा क्रिस्टल. डायल ७.१०० वर ठेवली तर १३.०२० वजा ७.१०० म्हणजे ५.९२० हा पहिला आयएफ. त्यात ३.१८० मिळवले की व्हीएफओ ९.१०० मेगाहर्ट्झवर हवा. मोडनुसार एक-दीड किलोहर्ट्झ इकडेतिकडे चालेल. हाती आलेल्या पुस्तकातल्या आकड्यांनी हा हिशोब जमत नसेल तर ते पुस्तक तुमच्या सेटचं नाही.

घडीच्या मोठ्या पानावरचं सर्किट स्कॅनमध्ये अनेकदा दोन-तीन तुकड्यांत येतं आणि जोडाच्या रेषेवरचेच आकडे गायब असतात. एकाऐवजी दोन ठिकाणांहून प्रती घ्या. घरांचे प्लॅन छापून देणारी दुकानं शहरात आहेत, त्यांच्याकडून ए-१ आकारात प्रिंट काढा. मोबाइलवर बोटांनी मोठं करत सर्किट वाचण्यात चुका होतात.

सेट सुरू करण्यापूर्वी दोन गोष्टी. हे सेट १०० व्होल्टपासून २३४ व्होल्टपर्यंत ट्रान्सफॉर्मरच्या वेगवेगळ्या टॅपवर (जोडणीच्या टोकांवर) चालायचे. जपान-अमेरिकेतून आलेला सेट १०० किंवा ११७ वर जोडलेला असेल आणि थेट आपल्या २३० वर लावला तर ट्रान्सफॉर्मर जाईल. शिवाय मागच्या अ‍ॅक्सेसरी सॉकेटमधला ११ पिनांचा प्लग शाबूत हवा. पीए ट्यूबच्या हीटरची जोडणी त्यातून जाते. तो हरवला की ट्यूब पेटत नाहीत आणि लोक चांगल्या ट्यूब फेकून देतात.

प्रश्न (इचलकरंजी) : याच सेटचं पुस्तक मिळालं आहे. रिसेप्शन कमजोर आहे. पुस्तकातल्या क्रमाने सगळे ट्रिमर (फिरवून लावायचे छोटे कंडेन्सर) फिरवून अलाइनमेंट करून घ्यावी का?

उत्तर : आत्ता एकही ट्रिमर फिरवू नका. कारखान्यात लावलेला ट्रिमर कुणी हात लावला नाही तर सहसा थोडाच सरकतो. आवाज निम्म्यावर येईल इतकी घसरण बहुतेक वेळा दुसऱ्याच कारणाने होते. ते कारण तसंच ठेवून ट्रिमर फिरवले की दोष झाकला जातो, आणि पुढे खरा दोष दुरुस्त केल्यावर सगळं पुन्हा बिघडतं. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत ‘अलाइनमेंट केली आणि सेट पूर्ण मुका झाला’ ही सगळ्यात दुःखद, कारण मूळ जागा कुठली होती हे मग कुणीच सांगू शकत नाही.

आधी सप्लायचे व्होल्टेज मोजा. मग बँडस्विच आणि रिलेचे काँटॅक्ट. त्यांवर कॉन्टॅक्ट क्लीनरचा थेंब काडीने लावून स्विच वीस-पंचवीस वेळा फिरवा. स्प्रे सरळ स्विचच्या वेफरवर (काँटॅक्टच्या चकतीवर) मारू नका. गंज सोडवायचं तेल तर अजिबात नको, ते बेकलाइटमध्ये मुरतं. रिलेच्या काँटॅक्टवर पॉलिश कागद घासू नका, कोऱ्या कागदाची पट्टी काँटॅक्टमध्ये धरून ओढा. नंतर जुने इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर. पूर्ण ट्यूबच्या सेटांत मेणाचे कागदी कंडेन्सरही बदलायचे : ४०० किंवा ६३० व्होल्टचे फिल्म कंडेन्सर बसवा. त्यातही आउटपुट ट्यूबच्या ग्रीडला जाणारा कपलिंग कंडेन्सर सगळ्यात आधी. तो गळू लागला की ग्रीडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज येतं, ट्यूब लाल होते आणि सोबत आउटपुट ट्रान्सफॉर्मर घेऊन जाते.

एवढं झाल्यावर सेट अर्धा तास तापू द्या. मग सिग्नल देऊन डायलचं वाचन आणि एस-मीटर (सिग्नलची ताकद दाखवणारा काटा) प्रत्येक बँडवर लिहून ठेवा. सगळ्या बँडवर सारखीच कमतरता असेल तर दोष आयएफ किंवा ऑडिओत. एकाच बँडवर असेल तर त्या बँडच्या कॉइलमध्ये, ट्रिमरमध्ये किंवा स्विचच्या त्या काँटॅक्टवर. इतकं केल्यावरही अलाइनमेंट लागणारच असं दिसलं तर प्रत्येक ट्रिमरचा आणि स्लगचा (कॉइलमधल्या फिरवायच्या गाभ्याचा) फोटो काढा, नेलपॉलिशचा बारीक ठिपका देऊन मूळ जागा दाखवा, आणि एका वेळी एकच फिरवा. पाव फेऱ्यात काही फरक पडला नाही तर परत मूळ जागी आणा.

पीए विभागात हात घालणार असाल तर लक्षात ठेवा : या सेटमध्ये प्लेटवर सुमारे ६०० व्होल्ट डीसी असतात आणि बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये राहतात. १० किलोओहम १० वॅटचा रेझिस्टर लांब इन्सुलेटेड दांड्याला बांधा, एक टोक चेसिसला लावा, दुसऱ्याने हाय व्होल्टेजचा कंडेन्सर काही सेकंद डिस्चार्ज करा, आणि नंतर मीटरने शून्य पाहूनच बोट घाला. आयडल करंट (सिग्नल नसतानाचा पीए ट्यूबचा करंट) एसएसबी मोडवर, माइक गेन शून्यावर ठेवून ६० मिलिअँपिअर लावतात. ट्यून करताना ‘की’ (मोर्सची कळ) दाबून दहा सेकंदांच्या पुढे थांबू नका.

प्रश्न (गडहिंग्लज) : दुसऱ्या महायुद्धातला बीसी-३४८ रिसीव्हर मिळाला आहे, नावाची पाटी निघून गेली आहे. मिळालेल्या सर्किटशी ट्यूबच जुळत नाहीत.

उत्तर : बीसी-३४८ मध्ये दोन वेगळी सर्किटं आहेत. जे, एन आणि क्यू या अक्षरांचे सेट एका पद्धतीचे, बाकीचे दुसऱ्या. ओळखायची खूण सोपी : आरएफ आणि आयएफच्या ट्यूबच्या माथ्यावर ग्रीडची टोपी आणि तिला जाणारी तार असेल तर ६के७ वर्गातल्या ट्यूब, म्हणजे जे-एन-क्यू सोडून इतर. माथा कोरा असेल तर ६एसके७ वर्ग, म्हणजे जे-एन-क्यू. तुमच्या हाती बहुधा दुसऱ्या गटाचं सर्किट आलंय.

हा विमानातला सेट. मूळचा २८ व्होल्टवर, डायनामोटरसकट (बॅटरीवरून हाय व्होल्टेज करणारा मोटर-जनरेटर). हीटर त्या हिशोबाने सिरीज-पॅरलल जोडलेले होते. युद्धानंतर जवळपास प्रत्येकाने डायनामोटर काढून ट्रान्सफॉर्मर बसवला आणि हीटरची वायरिंग ६.३ व्होल्टसाठी बदलली. म्हणून हीटरच्या बाबतीत पुस्तकावर विसंबू नका, ओहममीटरने पिनेपासून पिनेपर्यंत मागोवा घ्या. चुकून २८ व्होल्टची ओळ ६.३ ला लावली तर फक्त काही पेटणार नाही. उलट चूक झाली तर सगळ्या ट्यूब एका झटक्यात जातील.

आयएफ ९१५ किलोहर्ट्झ, पण सिग्नल जनरेटर ९१५.० वर लावून पीक करू नका. यात क्रिस्टल फिल्टर आहे आणि आयएफ त्या क्रिस्टलच्या खऱ्या फ्रिक्वेन्सीवर लावायचा असतो. ती नेमकी ९१५ असेलच असं नाही. क्रिस्टल ‘आत’ ठेवा (फिल्टर चालू), मिक्सरच्या ग्रीडवर ०.०१ मायक्रोफॅरडमधून अगदी कमी सिग्नल द्या आणि जनरेटर ९१५ च्या आजूबाजूला शंभर-शंभर हर्ट्झने सरकवा. एका जागी आउटपुट टोकदार उसळेल. तो आकडा लिहा, क्रिस्टल ‘बाहेर’ करा (फिल्टर बंद) आणि सगळे आयएफटी (आयएफ ट्रान्सफॉर्मर) त्याच आकड्यावर, शेवटच्यापासून पहिल्याकडे येत पीक करा. क्रिस्टल फिल्टर असलेल्या बहुतेक जुन्या रिसीव्हरांना हेच लागू.

लष्करी सेटाची पुस्तकं सेटाच्या नावापेक्षा पुस्तकाच्या क्रमांकाने लवकर सापडतात. अमेरिकी लष्कराची ‘टीएम ११’ मालिका : बीसी-३१२ आणि ३४२ साठी टीएम ११-८५०, आर-३९०ए साठी टीएम ११-८५६ए. ब्रिटिश हवाईदलाची ‘एअर पब्लिकेशन’ : आर-११५५ आणि टी-११५४ साठी एपी २५४८ए. ब्रिटिश लष्कराच्या वायरलेस सेट १९ सारख्यांसाठी ‘ईएमईआर’ कागद. ब्रिटिश बाजूचं बरंच काही व्हीएमएआरएस या संस्थेच्या संग्रहात आहे.

प्रश्न (शाहूपुरी) : घरी बनवलेला किंवा अनोळखी रिसीव्हर असेल, कुठेच कागद नसतील, तर आयएफ किती ते कसं कळणार?

उत्तर : सेट थोडाफार बोलत असेल तर ऑसिलेटर मोजा. फ्रिक्वेन्सी मीटरच्या प्रोबला दोन-तीन वेढ्यांची कॉइल लावून ती ऑसिलेटर ट्यूबजवळ नुसती धरा, टेकवू नका. टेकवलं की ऑसिलेटरच सरकतो. ओळखीचं स्टेशन लावा आणि वजाबाकी करा : स्टेशन १००० किलोहर्ट्झवर आणि ऑसिलेटर १४५५ वर, तर आयएफ ४५५. सेट मुका असेल तर ऑसिलेटरचा गँग (ट्यूनिंगचा कंडेन्सर) शॉर्ट करून तो थांबवा, मिक्सरच्या ग्रीडवर जनरेटर लावा आणि ८० किलोहर्ट्झपासून २ मेगाहर्ट्झपर्यंत हळूहळू वर या. ८५, ४५५, ४६५, ५६०, ९१५, १६०० हे आकडे जुन्या सेटांत खरोखर भेटतात. ३ ते ९ मेगाहर्ट्झमध्येही एक फेरी मारा, एसएसबीच्या सेटांचे क्रिस्टल फिल्टर तिथे असतात.

सर्किट हाताने काढायचं तर आउटपुट ट्यूबपासून सुरुवात करून मागे जा. ट्यूबचा नंबर वाचला की पिनांचा तक्ता मिळतो, आणि मग प्रत्येक पिनेला काय जोडलंय एवढंच उरतं. आधी बी-प्लस (ट्यूबना जाणारं हाय व्होल्टेज) आणि हीटरच्या तारा रंगवून टाका, निम्मी गुंतागुंत तिथेच सुटते. त्या काळच्या हौशी मासिकांत तशीच रचना सापडण्याची शक्यताही बरीच. वर्ल्ड रेडिओ हिस्टरी या संग्रहात शॉर्ट वेव्ह मॅगझीन, प्रॅक्टिकल वायरलेस, ७३ यांचे जुने अंक आहेत. ट्यूबचे क्रमांक एकत्र टाकून शोधा.

ऑसिलेटर लावताना डायलच्या खालच्या टोकाला स्लग किंवा पॅडर (सिरीजमधला कंडेन्सर), वरच्या टोकाला ट्रिमर, आणि दोन्ही जमेपर्यंत आळीपाळीने. वरच्या बँडवर इमेजने (आयएफच्या दुप्पट अंतरावर ऐकू येणाऱ्या खोट्या सिग्नलने) फसवू नये म्हणून एक तपासणी : आयएफ ४५५ असेल आणि ऑसिलेटर सिग्नलच्या वर चालत असेल तर १४.००० मेगाहर्ट्झचा सिग्नल डायलवर १४.००० ला जोरात आणि १३.०९० ला हलका ऐकू यायला हवा. उलट असेल किंवा १४.९१० ला दुसरा सापडत असेल तर ऑसिलेटर चुकीच्या बाजूला लागलाय.

प्रश्न (कागल) : पुस्तकात एका ट्यूबच्या प्लेटवर १०० व्होल्ट दिलेत, माझा डिजिटल मीटर १४० दाखवतो. ट्यूब गेली का?

उत्तर : बहुतेक ट्यूब ठीक आहे. पुस्तकाच्या पहिल्या किंवा तक्त्याच्या तळाच्या ओळीत कुठल्या मीटरने मोजलं ते लिहिलेलं असतं. जुना ‘प्रति व्होल्ट १००० ओहम’चा मीटर २५० व्होल्टच्या रेंजवर स्वतः २५० किलोओहमचा असतो. ज्या जागेचा रेझिस्टन्स १०० किलोओहम आहे तिथे तो २५०/३५०, म्हणजे खऱ्या व्होल्टेजच्या ७१ टक्के दाखवणार. खरे १४०, दाखवले १००. तुमचा १० मेगाओहमचा मीटर खरे १४० दाखवतोय. सरळ ट्रान्सफॉर्मर किंवा फिल्टरवर मात्र दोन्ही मीटर सारखंच दाखवतात, तिथे फरक आला तर मेन्सचं टॅप तपासा.

प्रश्न (उद्यमनगर) : सिग्नल जनरेटर नाही. कमी खर्चात काय चालेल? आयएफटीचा स्लग फिरवताना एक तुटलाही.

उत्तर : एसआय५३५१ चिपचं छोटं मॉड्यूल कामाला येतं, पण त्याच्या दोन खोडी सांभाळाव्या लागतात. ते स्क्वेअर वेव्ह देतं, म्हणून तिप्पट आणि पाचपट फ्रिक्वेन्सीवरही जोरदार सिग्नल असतो. आणि आउटपुट फार मोठं, सरळ जोडलं तर एजीसी (गेन आपोआप कमी-जास्त करणारं सर्किट) गच्च बसतो आणि पीक सापडतच नाही. ५० ओहमचा २० डीबी अ‍ॅटेन्युएटर करा : दोन बाजूंना ६२ ओहम जमिनीला, मधे २४० ओहम. असे चार टप्पे पत्र्याच्या डब्यात आडव्या भिंती घालून बसवा. मग साधारण एस-९, म्हणजे ५० मायक्रोव्होल्टच्या आसपास पातळी येते. भिंती नसतील तर सिग्नल वरून उडी मारतो आणि मोजमाप खोटं ठरतं. नॅनोव्हीएनए किंवा टायनीएसए ही छोटी मोजमाप यंत्रं ट्यूबच्या सेटला लावताना मधे ०.०१ मायक्रोफॅरड ६३० व्होल्टचा कंडेन्सर हवाच, नाहीतर बी-प्लस त्याच्या पोर्टमध्ये शिरेल.

डायल आणि मार्कर (सेटमधला तपासणीचा ऑसिलेटर) तपासायला १० मेगाहर्ट्झवरचं चीनचं बीपीएम वेळ-केंद्र वापरा. सेटचा १०० किलोहर्ट्झ मार्कर त्याच्याशी झीरो बीट करा (दोघांतली शिट्टी खाली आणत शून्यावर आणा).

स्लगसाठी लोखंडी स्क्रूड्रायव्हर नको. तो आत गेला की कॉइलचा मेळ बदलतो आणि बाहेर काढला की पीक हरवतं. तुम्ही तर उद्यमनगरात आहात : ६ मिलिमीटर नायलॉनच्या दांडीचं टोक लेथवाल्याकडून स्लगच्या खाचेच्या मापाचं करून घ्या, षटकोनी स्लगला षटकोनीच. अडकलेला स्लग जोर लावून फिरवू नका. मेण धरलेलं असतं, केस वाळवायच्या ड्रायरने कॅन गरम केला की सुटतो. तुटलेला स्लग दुसऱ्या बाजूने हलक्या हाताने फिरवून बाहेर ढकलता येतो का ते आधी पाहा. दोन स्लग असलेल्या कॅनमध्ये दोन ठिकाणी पीक मिळतं, त्यातलं साधारणपणे स्लग एकमेकांपासून लांब असतानाचं खरं.

प्रश्न (पन्हाळा) : पावसाळ्यात केलेली अलाइनमेंट दिवाळीत सरकलेली आढळते.

उत्तर : जून ते सप्टेंबरमधल्या आपल्याकडच्या दमट हवेत कॉइलचं सुती वेष्टण आणि कागदी फॉर्मर ओलावा धरतात, कॉइलचा क्यू (ट्यूनिंगची धार) उतरतो आणि फ्रिक्वेन्सी खाली येते. सेट खोक्यात ठेवून शेजारी ४० वॅटचा तारेचा बल्ब दोन दिवस चालू ठेवा (कापड, कागद लांब) आणि मगच अलाइन करा. पुराचं पाणी लागलेल्या सेटची गोष्ट वेगळी : गाळ गोड्या पाण्याने धुऊन, निदान आठवडाभर वाळवून, ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन मेगरने तपासल्याशिवाय मेन्स लावू नका. पहिल्यांदा लावताना सिरीजमध्ये १०० वॅटचा तारेचा बल्ब ठेवा. तो भक्कन पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, तात्काळ बंद करा.

प्रश्न (जयसिंगपूर) : ट्रान्समीटरची अलाइनमेंट परवान्याशिवाय करता येईल का?

उत्तर : हवेत सिग्नल सोडायला हौशी परवाना लागतोच, तो केंद्राच्या दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी ही शाखा देते. आधी परीक्षा द्या, सेट तोवर रिसीव्हर म्हणून दुरुस्त होत राहील. परवाना असला तरी अलाइनमेंट अँटेनावर नको, डमी लोडवर (अँटेनाऐवजी जोडायच्या रेझिस्टरवर) करा : २ किलोओहम २ वॅटचे ४० मेटल ऑक्साइड रेझिस्टर पॅरललमध्ये, म्हणजे ५० ओहम आणि ८० वॅट. एफटी-१०१ यापेक्षा जास्त देतो, म्हणून दहा सेकंद ‘की’ दाबून मिनिटभर विश्रांती. तारेचे वाइंडिंग असलेले रेझिस्टर घेऊ नका. त्यांची इंडक्टन्स १४ मेगाहर्ट्झवर एसडब्ल्यूआर (लोड सेटशी किती जुळतो त्याचं माप) बिघडवते आणि मग पीएच्या ट्यूबवर विनाकारण संशय येतो.